शजऱ्याबाहेरची आजी

नया नगरमध्ये लग्नाची बोलणी सुरू झाली की पहिला प्रश्न पगाराचा येतो आणि दुसरा खानदानाचा. फ्लॅट स्वतःचा आहे का, मुलगा दुबईत आहे की इथेच, एवढे विचारून झाले की आवाज जरा खाली येतो. मूळ गाव कोणते? मुलीचे आजोळ कुठले? उत्तर मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, महाड, दापोली असे आले किंवा डोंगरी, माहीम असे आले तरी बोलणी पुढे सरकतात. पण मुलीच्या पणजीचे केस फारच कुरळे होते, घरात तिला 'हबशीण' म्हणत, अशी नुसती कुजबूज कानावर आली की चहाचे कप उचलले जातात. खरे कारण कुणी सांगत नाही. "इस्तिखारा बरोबर आला नाही," असा निरोप येतो. आपल्या भेकडपणाचे खापर आपण थेट अल्लाहवर फोडतो!

अशाच घरांतल्या कपाटात कधी कधी जपून ठेवलेला शजरा असतो. मूळ पुरुष अरबस्तानचा, बसऱ्याचा नाहीतर येमेनचा. त्याच्या खाली त्याचा मुलगा, मग त्याचा मुलगा, आणि असे उतरत उतरत आजच्या इंजिनिअर मुलापर्यंत. पंधरा-वीस पिढ्या आणि त्यात एकही बाई नाही. इतक्या पिढ्यांची मुले काय आकाशातून पडली? अरबी व्यापारी गलबतातून उतरला तेव्हा त्याने बरोबर बायका आणल्या नव्हत्या, हे तर आपणच अभिमानाने सांगतो. मग आपल्या आज्या कोण होत्या? काही इथल्याच मातीतल्या कोळी, कुणबी, भंडारी घरांतल्या होत्या. काही निकाह करून सन्मानाने आल्या. आणि काही विकत घेतलेल्या होत्या. हे तिसरे वाक्य आपल्याला उच्चारता येत नाही. या लेखाचा विषय ते तिसरे वाक्य आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. ज्या बाईला कुणीतरी विकले, कुणीतरी विकत घेतले आणि जिच्या पोटी आपल्यापैकी कुणाच्या तरी पिढ्या जन्मल्या, तिचा माग काढणे हे आपले काम आहे. तो निघू शकतो. त्यासाठी लागणारे कागद मुंबईत आहेत, पुण्यात आहेत, लंडनला आहेत आणि काही आपल्या मशिदींच्या कपाटात वाळवी खात पडले आहेत. कागद अपुरे आहेत हे खरे. पण आपली इच्छा त्याहूनही अपुरी आहे.

ती कोण होती?

महाराष्ट्राला हबशी म्हटले की पुरुष आठवतात. मलिक अंबर आठवतो. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, मोखा-बगदादचे बाजार पाहून निजामशाहीत आलेला हा माणूस पुढे अहमदनगरच्या राज्याचा कर्ताकरविता झाला. त्याने १६१० साली खडकी वसवली. १६२६ साली तो वारला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जोहर आठवतो. जंजिऱ्याचे सिद्दी आठवतात. त्यांचे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, तोवर मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा मुलूख त्यांच्या अमलाखाली होता. गुलाम पुरुषाला तलवार मिळाली तर तो इतिहासात शिरू शकत होता. गुलाम बाईच्या हाती जाते होते, पाळणा होता आणि मालकाचा पलंग होता. या तिन्हींची बखर कुणी लिहीत नाही. अंबरच्या पत्नीची, बीबी करीमाची, कबर खुलताबादला त्याच्या कबरीजवळच आहे. ती मलिक अंबरची बायको होती म्हणून तिला निदान घुमट मिळाला. ज्यांना घुमट मिळाला नाही त्यांची गणती कोण करणार?

हा व्यापार फार जुन्या काळात होऊन गेला असेही समजू नये. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या कोर्टांनी गुलामावरचा मालकी हक्क मानणे बंद केले. माणूस विकणे-विकत घेणे हा गुन्हा ठरला तो १८६० च्या दंडसंहितेने, आणि ती अमलात आली १८६२ साली. त्याच दशकांत झांजिबार आणि मोझांबिकच्या किनाऱ्यावरून निघालेली गलबते इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी पकडावीत आणि त्यांतली माणसे मुंबई बंदरात उतरवावीत, हे वारंवार घडत होते. या 'सुटका झालेल्या' माणसांत बायका आणि मुले पुष्कळ असत. त्यांची व्यवस्था मुंबई पोलिसांकडे होती. काही मुले मिशनच्या शाळांत गेली, काही मुली-बायका शहरातल्या घरांत कामाला लागल्या, काहींची लग्ने इथल्या सिद्दींशी झाली. डोंगरीत सिद्दींची वस्ती होती. मुंबईचा पोलीस कमिशनर एस. एम. एडवर्ड्स याने १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या 'बायवेज ऑफ बॉम्बे' या पुस्तकात मुंबईच्या सिद्दींवर वेगळे प्रकरण लिहिले आहे. म्हणजे आपल्या आजोबांच्या आजोबांच्या काळात ही बाई याच शहरात पाणी भरत होती. अमेरिकेतल्या गुलामगिरीवरचे सिनेमे पाहून डोळे पुसणाऱ्या आपल्या लोकांना तिची खबर नाही.

गुलामगिरी ही मुसलमानांचीच खासियत होती, असे कुणी यातून काढू लागले तर त्यालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. पेशव्यांच्या दफ्तरात कुणबिणींच्या खरेदीच्या नोंदी आहेत. कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको हा एक अर्थ, आणि दासी हा दुसरा. जुने कोश दोन्ही देतात. बटीक हा शब्द तर आपण आजही सहज वापरतो. नाव, वय, किंमत, कुणाच्या कोठीवर ठेवली, कुणाला बक्षीस दिली, असे सगळे लिहिलेले सापडते. डॉ. पी. ए. गवळी यांनी पेशवेकालीन गुलामगिरीवर मराठीत पुस्तक लिहिले आहे. पोर्तुगिजांच्या गोव्यात आफ्रिकी गुलाम होते. म्हणजे बाई विकत घेण्याच्या बाबतीत सगळ्यांचे एकमत होते. पानिपतावर पकडल्या गेलेल्या बायकांसाठी मराठी माणूस आजही हळहळतो, आणि ते योग्यच आहे. पण मुंबईच्या, जंजिऱ्याच्या, गोव्याच्या धक्क्यावर उतरवलेल्या बाईसाठी हळहळायला कुणी नाही. ती ना त्यांची, ना आमची.

नाव पुसले कसे?

ती शजऱ्यातून नाहीशी झाली याचे कारण समजून घेतले पाहिजे, कारण इथे कायदा आणि लबाडी हातात हात घालून चालतात. आपल्या फिकहमध्ये मालकापासून मूल झालेल्या दासीला 'उम्म-ए-वलद' म्हणतात. तिला पुढे विकता येत नाही, मालकाच्या मृत्यूनंतर ती आपोआप स्वतंत्र होते. तिचे मूल जन्मतः स्वतंत्र असते आणि त्याला बापाचा वंश मिळतो. अमेरिकेतल्या कायद्याशी ताडून पाहा. तिथे मूल आईची स्थिती घेई, म्हणजे गोऱ्या मालकाचे स्वतःचे मूलही गुलामच राही. त्या मानाने आपला नियम खूपच माणुसकीचा होता, आणि हे सांगायला संकोच नको.

पण याच माणुसकीच्या नियमाचा आपण कसा उपयोग केला? मूल बापाच्या वंशात आले, त्याला सय्यद, शेख, काझी, खतीब असे जे काही व्हायचे ते होता आले, आणि आईची गरज संपली. मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लागले आणि आईचे नाव घरातल्या म्हाताऱ्यांबरोबर कबरस्तानात गेले. नियमाने तिला स्वातंत्र्य दिले, आपण तिला विस्मरण दिले.

तिचे जे नाव आपल्याला ठाऊक असते तेही तिचे नव्हे. गुलामाला विकत घेतले की नवे नाव ठेवीत, आणि ते बहुधा जवाहिराच्या नाहीतर अत्तराच्या दुकानातून उचललेले असे. याकूत, अल्मास, अंबर, सुंबुल, जाफरान, नर्गिस. नाहीतर शुभशकुनाचे असे: मुबारक, फरज, बख्तावर. ज्याचे आयुष्य लुटले त्याला 'भाग्यवान' म्हणून हाक मारायची! अर्थात आज याकूत नाव असलेला प्रत्येक जण गुलामाचा वंशज नव्हे. पण जुन्या नोंदीत बाईचे असे नाव असेल आणि बापाचे नाव नसेल, किंवा बापाच्या जागी नुसते 'अब्दुल्ला' असेल, तर शोधणाऱ्याने थांबून पाहावे. उस्मानी तुर्कांच्या न्यायालयीन दफ्तरांत मुक्त केलेल्या दासींच्या बापाचे नाव सर्रास 'अब्दुल्ला' लिहिलेले असते. बाप कोण ते माहीत नाही, म्हणून अल्लाहचा बंदा. संशोधकांनी याच एका खुणेवरून कितीतरी बायका ओळखल्या.

नोंद कुणी ठेवली?

आता जरा बोचणारी गोष्ट सांगतो. नाशिकला शरणपूर रोड आहे. त्या रस्त्याला नाव देणारे शरणपूर चर्च मिशनरी सोसायटीने १८५४-५५ च्या सुमारास वसवले. गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले-मुली तिथल्या आश्रमात ठेवली जात. त्यांना मराठी-इंग्रजी आणि हाताचे काम शिकवले जाई. डॉ. लिव्हिंग्स्टनने शेवटच्या सफरीसाठी याच शाळेतली काही मुले बरोबर नेली. त्याचे प्रेत किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट होता, आणि १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या दफनालाही तो हजर होता. इस्माईल सेमलर, विल्यम जोन्स आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघे १८६४ साली मोंबासाकडे मिशनच्या कामाला गेले. त्यांतले सेमलर आणि जोन्स १८८५ साली पाद्री झाले. पूर्व आफ्रिकेत या लोकांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणतात. लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने २००७ साली त्यांच्यावर प्रदर्शनही भरवले.

हे सगळे आपल्याला आज का सांगता येते? मिशनऱ्यांनी लिहून ठेवले म्हणून. त्या मिशनची कागदपत्रे बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात जपलेली आहेत. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या चर्चमधील नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, त्यांनी मुलांची नावे बदलली, हे सगळे मान्य. पण त्यांनी जुन्या नावावर नवे नाव लिहिताना तारीख घातली. त्यामुळे त्या मुलीच्या पणतूला आज निदान एक पान उघडता येते.

त्याच गलबतातून उतरलेली तिची बहीण मुसलमान घरात आली असेल, तर तिच्या पणतूने काय उघडायचे? तिला भाकरी मिळाली, कलमा मिळाला, बहुधा निकाहही मिळाला. वही मिळाली नाही. ज्या उम्मतला लिहायला-वाचायला सांगणाऱ्या आयतीने पहिली हाक मारली, ज्या उम्मतने हदीस सांगणाऱ्या हजारो माणसांची कुळे-चरित्रे तपासून जगातले थक्क करणारे चरित्रकोश रचले, त्या उम्मतच्या आपण वारसांनी घरातल्या बाईचे नाव लिहिले नाही. अरबांना 'इल्म-ए-अन्साब', म्हणजे कुळांचे शास्त्र, तोंडपाठ होते. आपल्याला त्यातले फक्त मोठेपणाचे पान तोंडपाठ आहे.

दुसऱ्यांनी काय केले?

अमेरिकेचे एक उदाहरण पाहू. मिशेल ओबामा राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी झाल्या, तेव्हा मेगन स्मोलेनियाक या वंशावळी शोधणाऱ्या बाईंनी त्यांच्या आईकडच्या पिढ्यांचा माग काढला, आणि २००९ साली तो न्यूयॉर्क टाइम्सने छापला. माग जाऊन थांबला मेल्विनिया नावाच्या मुलीपाशी. दक्षिण कॅरोलायनातल्या एका मालकाने १८५० साली मृत्युपत्र केले. त्यात चरखे, विळे, गुरे यांच्याबरोबर ही सहा वर्षांची मुलगीही वाटून दिली होती. पुढे तिची किंमत ४७५ डॉलर लावली गेली. तिला जॉर्जियात नेले, तिथे कोवळ्या वयात ती एका गोऱ्याच्या मुलाची आई झाली. १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांची नावेच नाहीत, मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि रंग आहे. नावानिशी नोंद सुरू झाली ती १८७० साली. मग तिचा माग कसा निघाला? मालकाचे मृत्युपत्र, शेजारपाजारच्या नोंदी, मुलाच्या लग्नाचा आणि मृत्यूचा दाखला असे एकेक टोक पकडून. गुलामाचा शोध मालकाच्या कागदांतून घ्यावा लागतो, हा त्यातला मुख्य धडा आहे. मेल्विनिया १९३८ साली वारली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यात आईबापांच्या नावांच्या जागी लिहिले आहे, 'माहीत नाही'.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. आपल्या कोकणातून पुष्कळ कुटुंबे केप टाऊनला गेली. ती जाण्याच्या दोनशे-अडीचशे वर्षे आधी, १६५७ च्या सुमारास, तिथे एक हिंदुस्थानी बाई गुलाम म्हणून उतरवली गेली होती. डच कागदांत तिचे नाव आहे 'अँजेला व्हान बेंगाले', बंगालची अँजेला. ती हातोहात विकली गेली, १६६६ साली मुक्त झाली, १६६९ साली बॅसन नावाच्या युरोपियनाशी तिचे लग्न झाले. पुढे वर्णभेदाचे कायदे करणाऱ्या, रक्ताच्या शुद्धतेचे नगारे वाजवणाऱ्या गोऱ्या आफ्रिकानेर समाजात तिची वंशवेल पसरलेली आहे. चर्चची पुस्तके आणि डच कंपनीचे कागद चाळून हे सिद्ध झाले. १९७१ साली, वर्णभेदाचे राज्य जोरात असताना, हीसे नावाच्या त्यांच्याच संशोधकाने दाखवून दिले की आफ्रिकानेरांच्या पूर्वजांत सुमारे सात टक्के वाटा गोऱ्यांचा नाही. ज्या आजीमुळे नाक कापले जाईल म्हणून तिला दडवले, तिनेच शेवटी त्यांच्या शुद्ध रक्ताच्या गप्पांचे नाक कापले. आपल्याकडच्या 'अस्सल अरब' रक्ताच्या गप्पा यापेक्षा वेगळ्या आहेत काय?

आक्षेप घेणाऱ्यांना

"इस्लाममध्ये उच्चनीच नाही, मग हे उकरून कशाला काढता?" हा पहिला आक्षेप. उच्चनीच नसते तर तिला दडवायची गरजच काय होती? लपवले तेच जाते ज्याची लाज वाटते. आणि लाज वाटण्याआधी जरा मागे पाहा. हजला गेलेला प्रत्येक जण सफा आणि मरवा यांच्यामध्ये धावतो, तेव्हा तो कुणाच्या पावलांवर धावतो? हजरत हाजरांच्या. परंपरेतली बहुतेक कथने त्यांना दासीच म्हणतात. पैगंबरसाहेबांना (स.) अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या उम्मे ऐमन, म्हणजे बरका, हबशी होत्या आणि दास्यातून मुक्त झालेल्या होत्या. आपल्या आईनंतरची आई असे पैगंबरांनी त्यांना म्हटल्याचे सांगितले जाते. त्यांचे पती हजरत जैद लहानपणी पळवून विकले गेले होते. त्यांचे वडील हारिसा माग काढत मक्केपर्यंत आले, ही कथा आपण मुलांना सांगतो. हरवलेल्या गुलामाचा शोध घेणारा बाप आपल्या सीरतमध्येच आहे! पुढे सूरह अहजाबमध्ये स्पष्ट सांगितले गेले की, घरात वाढवलेल्यांची ओळख त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावानेच राहावी. तेव्हा जैद पुन्हा 'जैद बिन हारिसा' झाले. विकल्या गेलेल्या माणसाला त्याचे कूळ परत द्या, असा याचा अर्थ मी लावतो. कुणाला वेगळा लावायचा असेल तर त्याने तो लावून दाखवावा.

ज्यांच्या दारावर काझमी, रिझवी, नक्वी अशा पाट्या आहेत त्यांना मी अदबीने विचारतो. इमाम मूसा काझिम यांच्या मातोश्री हमीदा कोण होत्या? उम्म-ए-वलद. इमाम अली रझा यांच्या मातोश्री? त्याही. हारून अल रशीदची आई खैजुरान बाजारात विकत घेतलेली होती. इमामांच्या मातांची नावे किताबांत आदराने लिहिली गेली, आणि मुरूडच्या एका खोताच्या मुलांच्या आईचे नाव लिहिले तर घराणे बुडते?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. "दिवस वाईट आहेत. आपणच आपल्या घरातली गुलामगिरी चव्हाट्यावर मांडली तर द्वेष करणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळेल." जानेवारी २०२४ मध्ये नया नगरने काय पाहिले, त्यानंतर मीरा रोडवर बुलडोझर कसे फिरले, हे आपल्यापैकी कुणी विसरलेले नाही. ही भीती खोटी नाही. पण ज्याला द्वेष करायचा आहे तो आपल्या लेखाची वाट पाहत बसलेला नाही. आपण गप्प बसलो तर ती बाई त्याच्या तोंडी जाईल, आणि तो तिचा वापर शिवी म्हणून करील. आपण बोललो तर ती आपली आजी असेल. शिवाय आपल्याच मुलीला आजीच्या केसांवरून नाकारणाऱ्याच्या हातात कोणता बुलडोझर आहे, हेही एकदा विचारायला हवे.

तिसरा आक्षेप आपल्या सुशिक्षितांचा. "कागदच नाहीत, सापडणार काय?" सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली. महसुली दफ्तर, जन्ममृत्यूच्या वह्या, शाळेचे दाखले, तुरुंगांचे आणि पोलिसांचे जुने कागद उघडले गेले, मोडी वाचणारे शोधून आणले गेले आणि लक्षावधी नोंदी निघाल्या. त्या मागणीबद्दल तुमचे माझे मत काहीही असो. इच्छा असली की शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा कागद बोलू लागतो, एवढे त्यातून सिद्ध झाले. कुणब्याची नोंद शोधायला अख्खे राज्य कामाला लागले. कुणबिणीची नोंद शोधायला चार तरुण पुरेत.

आणि कागदाची किंमत आपल्याला नव्याने सांगायला हवी काय? आसाममध्ये ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९ लाखांवर माणसे बाहेर राहिली. त्या सगळ्या प्रक्रियेत लग्न झालेल्या बायकांची विशेष परवड झाली, कारण शाळा नाही, जन्मदाखला नाही, आणि बापाशी नाते जोडणारा कागद नाही. बाईची नोंद न ठेवणे ही जुनी हबशी आजीपुरती गोष्ट राहिलेली नाही. ती सवय आहे, आणि तिची किंमत आजच्या बायका मोजत आहेत.

करायचे काय?

पहिले काम घरातले. नया नगरमध्ये १९८० नंतर आणि विशेषतः १९९२-९३ च्या दंगलींनंतर माणसे मुंबईतून उठून आली. भांडी-बिछाने आले, पेट्यांतले जुने कागद पुष्कळदा मागेच राहिले. आता ज्या म्हाताऱ्या उरल्या आहेत त्याच आपले दफ्तर. त्यांना विचारा. खिशातल्या मोबाइलवर त्यांचा आवाज साठवा. वडिलांचे वडील कोण हे विचारू नका, ते ठाऊक आहे. आईची आई, तिची आई आणि घरात काम करणाऱ्या, तरीही सगळ्यांच्या 'बुआ' असलेल्या बाईबद्दल विचारा. तिची कबर कुठे, तिच्या तोंडी कोणते परके शब्द होते, ती ढोलावर कोणते गाणे म्हणे, हे विचारा.

दुसरे काम जमातींचे. गावोगावच्या जमातींकडे निकाहाची जुनी रजिस्टरे आहेत, कबरस्तानांच्या वह्या आहेत, काझींच्या घराण्यांकडे दस्त आहेत. मशिदीला संगमरवर बसवायला आपल्याकडे वर्गणी जमते. त्यातल्या एका कोपऱ्याच्या खर्चात या सगळ्या वह्यांची छायाचित्रे निघतील. विश्वस्तांनी त्या कुलपातून बाहेर काढाव्यात. समाजाची वही ही विश्वस्ताची खासगी मालमत्ता नव्हे.

तिसरे काम तरुणांचे. महाराष्ट्र राज्याचे पुराभिलेखागार काळा घोडा येथे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. चर्चगेटला उतरले की चालत जाता येते. सुटका झालेल्या आफ्रिकी लोकांविषयीचा मुंबई सरकारचा पत्रव्यवहार शोधायचा तो तिथल्या जुन्या दफ्तरांत. पेशवे दफ्तर पुण्यात आहे. आणि ज्या आखातात आपली निम्मी पिढी नोकरीला गेली, तिथल्या गुलामांनी १९२० आणि ३० च्या दशकांत शारजा, बहरीन, मस्कत इथल्या ब्रिटिश एजंटांपुढे सुटकेसाठी दिलेल्या जबान्या आज कतार डिजिटल लायब्ररीत कुणालाही फुकट वाचता येतात. माझे नाव अमुक, जन्म अमुक गावी, आईबाप अमुक, मला अमुक वयात पळवले. त्या वाचल्या की कळते, गुलामाला आपले कूळ आठवत होते. विसरलो ते आपण. उर्दू, फारसी, मोडी वाचणारी दहा मुले तयार झाली तरी हे काम सुरू होईल. रक्ताच्या तपासणीने खंड कळतो, आईचे नाव कळत नाही. नाव कागदातच शोधावे लागते.

चौथे काम लेखकांचे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. त्यानंतर आपण तलाकवर लिहिले, दंगलींवर लिहिले, मुसलमानांतल्या जातींवर आणि पसमांदांच्या हक्कांवर लिहिले. जातीच्या उतरंडीत सगळ्यात खालच्या मडक्याचाही जो तळ, त्या बांदीवर फारसे लिहिले नाही. ती आपल्या कथांत कडेकडेने पाणी घेऊन येते आणि निघून जाते. तिला ओसरीवर बसवायला हवे.

महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आधी आईचे नाव आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचा नियम केला आहे. सरकारला जे सुचले ते आपल्या शजऱ्यांना सुचायला हरकत नसावी. शजरा काढून समोर घ्या. प्रत्येक पुरुषाच्या शेजारी एक चौकट आखा. निकाहाने आलेल्या बाईचे नाव लिहा. विकत घेतलेल्या बाईचे नाव सापडले तर तेही त्याच शाईने, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा, आणि ती विकत घेतलेली होती हेही लिहा. नाव सापडले नाही तर चौकट पुसू नका. मेल्विनियाच्या दाखल्यावर लिहिले तसे प्रामाणिकपणे लिहा, 'माहीत नाही'. या दोन शब्दांत निदान एवढी कबुली असते की, माहीत करून घ्यावे असे कुणीतरी इथे होते.